सत्तर तास, टेलर आणि जर्मनी

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं वक्तव्य बाहेर आलं. तेव्हापासून भारतातल्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा वाद अधूनमधून पेटतोच. मूर्तींनी दाखला दिला होता महायुद्धानंतरच्या जपानचा आणि जर्मनीचा. मी जर्मनीत नोकरी करतो, त्यामुळे साक्ष द्यायला मलाच पुढे केलं जातं.

युद्धानंतर जर्मन माणूस राबला, यात वाद नाही. पण पन्नासच्या दशकात त्याचा आठवडा साधारण ४८ तासांचा होता. १९५६ मध्ये कामगार संघटनांनी शनिवारच्या सुट्टीसाठी मोहीम उघडली, आणि १९९५ मध्ये पश्चिम जर्मनीच्या धातुउद्योगात ३५ तासांचा आठवडा आला. देश श्रीमंत झाला तो तास कमी होत असतानाच.

या वादात फ्रेडरिक टेलर, कामाचं शास्त्रीय व्यवस्थापन मांडणारा अमेरिकन इंजिनिअर, मात्र उगाच बदनाम होतो. स्टॉपवॉच घेऊन मजुराच्या मागे उभा राहणारा, माणसाला यंत्र समजणारा, ही त्याची ख्याती. अगदीच खोटी नाही. पण त्याच्या १९११ च्या पुस्तकात सायकलच्या बेअरिंगमधले छर्रे तपासणाऱ्या मुलींची हकिगत आहे. त्यांचा दिवस साडेदहा तासांवरून साडेआठवर आणला, दर सव्वा तासाला दहा मिनिटं विश्रांती दिली, पगार वाढवला. १२० जणींचं काम ३५ जणी करू लागल्या, तेही अधिक अचूक. (कित्येक कष्टाळू मुलींना त्यापायी काढून टाकावं लागलं, हेही तोच सांगतो.) म्हणजे ७० तासवाले धड टेलरवादीही नाहीत. टेलर कामाचा अभ्यास करायचा. हे नुसती हजेरी मोजतात.

दुसऱ्या बाजूचे लोक व्यवस्थापनतज्ज्ञ एल्टन मेयो आणि अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्यात कामगारांवर झालेले प्रयोग पुढे करतात: माणसाकडे आपुलकीनं लक्ष द्या, उत्पादन आपोआप वाढतं. त्या प्रयोगांत टेलिफोनचे रिले (विजेवर चालणारे छोटे स्विच) जोडणाऱ्या पाच मुलींपैकी दोघींना १९२८ मध्ये फार बोलतात, सहकार्य करत नाहीत म्हणून बदललं होतं, एवढं मात्र मॅनेजमेंटच्या वर्गात बहुधा गाळलं जातं.

टेलर की मेयो, हा झगडाच मला इथे आल्यापासून फिजूल वाटू लागला आहे. जर्मनांनी टेलरला हाकललं नाही. कामाचा वेळ मोजण्याची पद्धत बसवायला त्यांनी १९२४ मध्ये ‘रेफा’ नावाची संस्थाच काढली. फरक पडतो तो कामगारांनी निवडलेल्या ‘बेट्रीब्सराट’ या मंडळामुळे. कामाच्या वेळा आणि कर्मचाऱ्यांवर नजर ठेवू शकणारं कुठलंही सॉफ्टवेअर, या दोन्ही बाबतींत कायद्यानं त्याची संमती लागते.

आमच्याकडे तिकिटं, म्हणजे सोडवायच्या अडचणींच्या नोंदी, हाताळायची नवी प्रणाली आली. प्रत्येकाला एका तिकिटाला सरासरी किती मिनिटं लागतात, हा रिपोर्ट त्यात तयारच होता. मंडळाच्या बाईंनी एकेक कॉलम उघडून बघितला आणि नावाचा कॉलम काढायला लावला. टीमची बेरीज राहिली. त्याच कंपनीच्या भारतातल्या ऑफिसात तोच रिपोर्ट नावांसकट, क्रमवारी लावून दर सोमवारी मेलवर जातो. तिथे सोपी तिकिटं सकाळीच पळवली जातात आणि किचकट तिकीट दुपारपर्यंत बेवारस पडून राहतं. इथे ते कुणीतरी उचलतं, कारण उचलणाऱ्याचा आकडा बिघडत नाही.

याची किंमतही आहे. त्या एका कॉलमच्या चर्चेत महिनेच्या महिने गेले, आणि तोवर भारतातल्या टीमचं काम सुरूही झालं होतं. जर्मन संथपणाचं कौतुक मला कधीच जमलेलं नाही.

पण ‘आपल्याकडे असलं काही चालणार नाही’ हेही पटत नाही. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी घेऊन, कामगारांचे मालकांपेक्षा कमी नसतील अशी, वर्क्स कमिटी नेमायला लावण्याची तरतूद भारतात १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातच केली गेली. फक्त तिचं काम सलोखा राखण्याचं. नकार देण्याचा अधिकार तिला दिलाच नाही. तास ७० असावेत की ९०, यावर इतका घसा कोरडा करणाऱ्यांनी त्या नकाराच्या अधिकाराबद्दल एकदा तरी बोलावं.