नोटीस का काढली नाही: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. ‘पेटंटचा अर्ज करून दोन वर्षं झाली, आमच्या यंत्राची नक्कल खुलेआम विकली जातेय, तरी हे वकील साधी नोटीस काढत नाहीत, फी मात्र वेळेवर घेतात,’ असं तुम्ही लिहिलंय. स्वतः घडवलेली वस्तू दुसऱ्याच्या नावावर खपताना पाहणं सोसवत नाही, हे आम्ही रोज पाहतो.

पक्षकाराचं काम चारचौघांत उघड करायला वकिलाला मनाई आहे. त्यामुळे तुमच्या फाईलमधलं काहीही इथे येणार नाही. फक्त कायदा काय म्हणतो ते सांगतो.

पेटंट कायदा, 1970 च्या कलम 11अ नुसार अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून हक्क सुरू होतात, पण उल्लंघनाचा दावा पेटंट मंजूर झाल्याशिवाय लावता येत नाही. त्याआधी धमकीची नोटीस गेली की काय होतं? समोरचा वकील पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर तुमचा अर्ज शोधतो, तो अजून मंजूर नाही हे बघतो, एकेक क्लेम (म्हणजे नेमका कशावर हक्क मागितलाय ते सांगणारं कलम) वाचून काढतो आणि कलम 25(1) खाली मंजुरीपूर्व हरकत घेतो. ती कोणालाही घेता येते. अर्जाच्या तारखेआधी वाटलेलं यंत्राचं एखादं माहितीपत्रक त्याच्या हाती लागलं, तर यंत्र आधीच लोकांसमोर आलं होतं म्हणून नावीन्याचा मुद्दाच ढासळू शकतो. वर कलम 106 आहेच: निराधार धमकी दिली म्हणून तोच तुम्हाला कोर्टात खेचू शकतो. म्हणून आम्ही अशी नोटीस काढत नाही, पक्षकार नाराज झाला तरी.

वेळेचं म्हणाल, तर अर्ज एरवी 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि परीक्षणाची मागणी वेगळी करावी लागते. स्टार्टअप, लघुउद्योग आणि महिला अर्जदारांना जलद परीक्षण मागता येतं. बसत असेल तर ते घ्यावंच.

फी मुख्यतः परीक्षणात पेटंट कार्यालय काढतं त्या आक्षेपांच्या उत्तरांची असते. तिथे क्लेमची व्याप्ती गरजेपेक्षा आक्रसली, तर मंजूर पेटंट हातात असूनही नक्कल करणारा सुटतो.

तोवर एक काम आवर्जून करा. ती नक्कल पक्क्या बिलावर विकत घ्या, न उघडता जपून ठेवा, विक्री कधीपासून चालू आहे ते टिपून ठेवा. मंजुरीनंतर भरपाई प्रसिद्धीच्या तारखेपासूनची मागता येते आणि तेव्हा हेच कागद लागतात.

दुसऱ्या वकिलाचा सल्ला घ्यायचा असेल तर जरूर घ्या. फाईलची पूर्ण प्रत मागाल त्या दिवशी मिळेल.