गोड गाणं नाहीये ते

आज सकाळी कोथरूडला जुन्या भावगीतांच्या एका प्रोग्रामला आत्याला घेऊन गेले होते आणि तेव्हापासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

‘घाल घाल पिंगा वाऱ्या’ सुरू व्हायचं होतं. कृ. ब. निकुंबांचे शब्द, कालिंदी केसकरांनी गायलेलं, आपल्या सगळ्यांच्या आयांनी स्वयंपाक करताना गुणगुणलेलं. निवेदिकेने आधी सांगितलं की आता एक गोड गोड गाणं, सासरी सुखात नांदणाऱ्या लेकीच्या माहेरच्या आठवणींचं, आणि सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरायचा बरं का. टाळ्या! आणि लोकांनी धरला की ठेका. गाणारी मुलगी सुरेल होती, तिच्यावर माझा अजिबात राग नाही. पण वेळ कमी म्हणून शेवटचं कडवं गाळलं, डोळे भरून येतात आणि गळा दाटतो ते, म्हणजे ज्या जागेकडे अख्खं गाणं चाललंय तीच जागा उडवली आणि लगेच पुढचं गाणं. आत्या शेजारी बसली होती, ती एवढंच म्हणाली, "शेवटचं घेतलंच नाही गं."

दिवाळी पहाटच्या याद्या आता ठिकठिकाणी बनत असतील, माझ्या लिस्टमधले दोघं-तिघं तरी त्यात आहेत, त्यांना हात जोडून सांगते, वेळ कमी पडत असेल तर निवेदन कमी करा, हे कडवं कापू नका.

आता मुद्द्यावर येते. हे गाणं सुखी मुलीचं आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला? ती स्वतः सांगते, हो. वाऱ्याला म्हणते की आईच्या कानात सांग, "सुखी आहे पोर". आणि पुढच्याच ओळीत आईसाठी, भावासाठी मन खंतावतंय. मग म्हणते की भादव्यात वर्ष झालं, विसरलीस का? म्हणजे वर्ष उलटलं आणि तिला न्यायला कुणी आलेलं नाही. भादवा म्हणजे गौरींचा महिना हो. ज्या महिन्यात घरोघरी मुखवट्यांच्या गौरी माहेरवाशिणी म्हणून आणून जेवू घालतात, त्याच महिन्याचा हिशोब ही जिवंत मुलगी परसात उभी राहून करतेय. चंद्रकळेचा पदर ओलाचिंब होतोय. आणि आपण त्यावर ठेका धरतो.

मला हे गाणं खरं कळलं ते एका रशियन गोष्टीमुळे. आमच्या लहानपणी ती गुळगुळीत कागदाची रशियन पुस्तकं फार स्वस्तात मिळायची, आठवतंय ना? तेव्हाच कधीतरी चेखवची ‘वांका’ वाचलेली. १८८६ सालची गोष्ट, जेमतेम चार-पाच पानं. नऊ वर्षांचा वांका मॉस्कोत एका चांभाराकडे काम शिकायला ठेवलेला. आई मेलेली. नाताळच्या आदल्या रात्री मालक, मालकीण, मोठी पोरं सगळे चर्चमध्ये गेल्यावर तो कपाटातून दौत आणि गंजलेल्या निबाचा टाक काढतो, चुरगळलेला कागद बाकावर पसरतो, स्वतः गुडघ्यावर बसतो आणि गावाकडच्या आजोबांना पत्र लिहितो. पहिलं अक्षर काढायच्या आधी दाराकडे आणि खिडक्यांकडे भीतभीत बघून घेतो. मग मात्र सगळं लिहितो. पाळणा हलवता हलवता डोळा लागला म्हणून मालकाने कसं बडवलं, मासा साफ करायला शेपटीकडून सुरुवात केली म्हणून मालकिणीने तोच मासा कसा तोंडावर घासला, खायला काय, तर सकाळी पाव, दुपारी लापशी, रात्री परत पाव. आजोबा, मला इथून घेऊन जा, नाहीतर मी मरेन.

पत्र पाकिटात घालतो आणि पत्ता लिहितो, गावी, आजोबांना. डोकं खाजवतो, आणि खाली आजोबांचं नाव घालतो. बस. गावाचं नाव नाही, काही नाही. अंगात कोट न घालता धावत जाऊन पेटीत टाकतो आणि आनंदात झोपतो.

वांकाने खरं सांगितलं पण पत्ता चुकला, आणि गाण्यातल्या मुलीला पत्ता तोंडपाठ आहे, परसातला पारिजातक, कपिला गाय, सगळं डोळ्यापुढे आहे, पण ती खरं सांगत नाही. मला विचाराल तर दोघांचं दुखणं एकच आहे. तो पोरगा लिहू शकला कारण घर रिकामं होतं. तिचं घर कधी रिकामं होणार? एकत्र कुटुंबातल्या सुनेला एकटीने उभं राहायला परसाशिवाय जागा तरी कुठली होती. म्हणून ती परसात उभी आहे आणि म्हणून निरोप वाऱ्याकडे दिलाय, कारण वाऱ्याचं पाकीट कुणी वाटेत फोडत नाही. आणि तरीसुद्धा तिला खरं सांगवत नाही!

हे मी पुस्तकात बघून सांगत नाहीये. माझ्या आत्याचं लग्न बार्शीकडे झालं. तिची इनलँड लेटरं आजीने ट्रंकेत जपून ठेवली होती, मी सगळी वाचलीयेत. सगळी एकसारखी. सा. न. वि. वि., इकडे सर्व क्षेम, मी मजेत आहे, माझी काळजी करू नये. ही पत्रं आत्या लिहायची आणि सासरे वाचून मग चिकटवायचे. लपूनछपून नाही हं, समोर बसून, चष्मा लावून, जणू तो त्यांचा हक्कच होता.

पण आजीला कळायचं. आमच्या वाड्यात तेव्हा मनी नावाची मांजर होती. आत्याच्या पत्रात शेवटी मनीची चौकशी असायची, आणि ती चौकशी जेवढी लांब, तेवढी आजी गप्प व्हायची. मनी दूध पिते का, मनीला पिल्लं झाली का, मनी अजून माझ्या गादीवर झोपते का. सासरे कशाला अडवतील, मांजराचं तर विचारतेय. आजी पत्र घडी करून ठेवायची आणि बाबांना म्हणायची, "बघून ये रे एकदा तिला."

आता त्या गाण्यातलं कपिलेच्या वासराचं कडवं ऐका परत. नंदा खोडकर आहे, हुंगून हुंगून बेजार करते. निवेदिका त्याच कडव्याला "किती निरागस" म्हणाली. अहो, मुलगी रडून थकलीय, पदर भिजलाय, आणि एकदम वासरू? ते वासरू म्हणजे आमची मनी आहे. माणसांबद्दल बोलता येत नाही तेव्हा जनावरांबद्दल बोलतात. वांकाच्या गोष्टीतही आजोबांच्या मागे मागे फिरणारा कुत्रा आहे, त्याला पत्र लिहिता लिहिता मध्येच तो आठवतो, आणि शेवटी झोपेतल्या स्वप्नातसुद्धा शेकोटीशी शेपटी हलवत तोच आहे. रशियातला पोरगा, आपल्याकडची लेक, आणि बार्शीची माझी आत्या, तिघांनाही घर आठवताना आधी जनावरच का आठवावं? आठवतं, कारण त्याने कधी रागावलेलं नसतं, एवढंच मला सुचतंय.

हो, मान्य आहे, गाण्यात सासूचा एक शब्द नाहीये, मारझोड नाहीये, आणि निकुंबांच्या मनात नुसती माहेरची ओढ असेलही. चालही गोड आहे, तेही मान्य. पण मग तो पदर कशाने भिजला ते सांगा.

आणि ज्यांना वाटतंय की अनाथ पोरगं कुठे आणि लग्न झालेली बाई कुठे, तुलना ताणलेली आहे, त्यांनी जरा जात्यावरच्या ओव्या काढून बघाव्यात. आपल्या पुण्यातच हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी बायकांकडून लाखाच्या वर ओव्या गोळा करून ठेवल्यात. त्यात भावाची वाट बघणं किती आहे ते बघा. पहाटे अंधारात, घर झोपलेलं असताना, दगडाला सांगितलेलं. ती बाई आणि बाकावर कागद पसरलेला वांका यात मला तरी काही फरक दिसत नाही. लग्न करून दिलं काय आणि कामाला ठेवलं काय, पोर तर पोरच असतं ना, तेव्हाच्या नवऱ्या मुली चौदा-पंधराच्या असायच्या.

बाबा गेले होते बार्शीला. स्वारगेटवरून एसटीने, गौरींना आत्याला आणतो म्हणून. त्यांनी हे मला खूप नंतर सांगितलं. व्यवस्थित पाहुणचार झाला, पोहे, चहा, हिला काय कमी आहे हो आमच्याकडे, यंदा जमायचं नाही, पुढच्या वर्षी बघू. आत्या दारात उभी. बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं, कशी आहेस, आणि ती म्हणाली, "मजेत आहे दादा." आणि बाबा एकटेच परत आले. आजीने काही विचारलं नाही म्हणे.

इथपर्यंत लिहून मी उठून पाणी पिऊन आले.

मला इतकी वर्षं वांका जास्त दुर्दैवी वाटायचा. पत्र पोचलंच नाही बिचाऱ्याचं. आज तसं वाटत नाहीये. वांकाला त्या रात्री निदान झोप तरी लागली, उद्या पत्र पोचेल, आजोबा येतील या आशेवर. आत्याचं पत्र तर पोचलं होतं. मांजराच्या चौकशीतून बरोब्बर पोचलं, आजीने वाचलं, बाबा जाऊन आले, सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि तरी कुणी काही केलं नाही. वांकाचे आजोबा दुसऱ्याच्या वाड्यावरचे रखवालदार, त्यांना पत्र मिळून तरी काय करता आलं असतं असं म्हणता येतं. आमच्या घराला काय झालं होतं? चार माणसं, पक्कं घर, बाबांना नोकरी. आणून ठेवली असती तर काय आभाळ कोसळणार होतं का? लोक काय म्हणतील, एवढंच ना? हे मी बाबांना ते असताना विचारलं होतं, आणि ते चिडले होते, तेव्हाची परिस्थिती तुला कळणार नाही म्हणाले. असेल. मला अजूनही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाहीये.

रिक्षातून परत येताना कर्वे रोडला अडकलो होतो, तेव्हा आत्याला विचारलं, खरं का नाही लिहिलंस गं कधी, एखादं पत्र शेजारणीकडून टाकता आलं असतं. ती म्हणाली, "लिहून काय, आईला कळत होतं की." इतक्या सहज. तिला आईचा अजूनही राग येत नाही. मला येतो, आणि आजी माझी सगळ्यात लाडकी होती तरी येतो.

ज्यांनी ‘वांका’ वाचली नसेल त्यांनी शोधून वाचा, चहा गार व्हायच्या आत संपेल. मग हे गाणं आठही कडव्यांसकट ऐका, रीलमधला तुकडा नको. आणि मग मला कमेंटमध्ये सांगा की ते गोड आहे. वाद घालायला मी तयार आहे, झोप तशीही लागणार नाहीये आज.