ऑक्सफर्डने असं काही सांगितलेलं नाही

‘मुलीला आत्मविश्वास हवा असेल तर आजच तिचा फोन काढून घ्या’ हा मेसेज पंधरवडाभर आमच्याकडच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. तीनदा वाचून मी सोडून दिला. चौथ्यांदा तो मालवणात माझ्या थोरल्या बहिणीच्या हाती लागला, आणि शेजाऱ्यांच्या मोबाईलवरून भाचीचा फोन आला, “मावशे, आयेन माझो फोन कपाटात घातल्यान.” आता गप्प बसवत नाही.

मेसेज म्हणतो, सोशल मीडियाने मुलींचा आत्मविश्वास संपतो हे ऑक्सफर्डने सिद्ध केलंय. साफ खोटं. ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये ब्रिटन-अमेरिकेतल्या ३,५५,३५८ किशोरवयीन मुलामुलींची माहिती तपासली. कोण आनंदी, कोण खचलेलं, या फरकातला जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग स्क्रीनच्या वापराशी जोडता आला. चष्मा लावण्याचा संबंध त्याहून जास्त निघाला, बटाटे खाण्याचा जवळपास तेवढाच. म्हणून कोणी मुलांचे चष्मे काढून घेत नाही.

‘लाइक मिळाली की मेंदूत ड्रग्जसारखं रसायन सुटतं.’ ते रसायन म्हणजे डोपामिन, आणि ते आवडीचं जेवण समोर आलं तरी सुटतं. पुढे चला.

‘आमच्या वेळच्या मुली आरशातही बघत नसत, म्हणून खंबीर होत्या.’ लिहिणाऱ्याने बघण्याचा एकही कार्यक्रम पाहिलेला नाही. मी सावळी. ‘रंग जरा कमी आहे’ हे मी पोह्यांच्या बश्या हातात धरून ऐकलंय, तेव्हा आमच्या अख्ख्या वाडीत एक फोन होता, तोही वायरचा.

पण सगळ्यात घातक वाक्य पुढे आहे. ‘मुलगी व्हिडिओ टाकू लागली की समजा, तिचा स्वतःवरचा विश्वास गेला.’ आठवीत असताना भाचीने वर्गात मालवणीत उत्तर दिलं, तर बाईंनी ‘आधी शुद्ध बोलायला शीक’ म्हणून तासभर उभं केलं. त्यानंतर दोन वर्षं तिने वर्गात हात वर केला नाही. गेल्या मे महिन्यात तिने आजीचा व्हिडिओ टाकला. आजी आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) कापतेय, ही मालवणीत सांगतेय कुठली शिंपली ठेवायची, कुठली फेकायची. लालबाग-परळच्या चाकरमान्यांनी खाली लिहिलं, आमची आये अशीच बोलायची, आणखी टाक गो. पुढे अकरावीच्या स्वागत समारंभात सूत्रसंचालनाला नाव तिने स्वतःहून दिलं. तिला जिथे आवाज सापडला, तोच फोन आज कुलपात आहे.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. फेसबुकच्याच अंतर्गत संशोधनाचे कागद २०२१ मध्ये बाहेर आले. ज्या मुलींना आधीच आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं, त्यांतल्या जवळपास तीनातल्या एकीने सांगितलं की इन्स्टाग्रामने ते वाढतं. हे खरं आहे, आणि भाचीच्या काही फोटोंत तोंड गोरं करणारा फिल्टर आहे तो मलाही खुपतो. तासन्‌तास तसले चेहरे बघणं आणि आजीच्या तिसऱ्या जगाला दाखवणं या दोन गोष्टी मेसेजवाल्याने एकाच टोपलीत टाकल्यात.

ताई, रविवारी येतेय. त्याआधी फोन तिच्या हातात दे. फिल्टरचं मी तिच्याशी बोलेन, तूही बस. आणि तिसऱ्यांचा तो व्हिडिओ बघ. तू अजून बघितलेला नाहीस.