काका, डायनमो काढला, पण विकायचा नाही

काका नमस्कार. माझ्या जावा मोटरसायकलला किट बसवल्याच्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली, एकदा चहाच्या आधी अन् एकदा नंतर. आधी वाचली तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की 1968 च्या जावाचे पॉइंट (उघडमीट करून प्लगची ठिणगी पाडणारे जुने संपर्क) काढून ठिणगीचं इलेक्ट्रॉनिक किट घालणं म्हणजे जुन्या वाड्याला ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवणं, मैसूरच्या फॅक्टरीनं जे दिलं त्यात हात घालायचा मला हक्क नाही, पॉइंट बिघडला तर पॉलिश पेपर घासून माणूस घरी येतो पण किट गेलं तर फाट्यावर रात्र काढावी लागते, अन् तुमच्या मेव्हण्यांचं किट तर दोन महिन्यांत गेलं. शेवटी, काढलेला डायनमो, म्हणजे गाडीची वीज बनवणारा जुना भाग, विकता का असं विचारलंय, त्याचं उत्तर शेवटीच देतो.

वाड्याच्या खिडक्यांचं मात्र लई भारी लिहिलंत.

आधी मेव्हण्यांचं बघू. किट या एकाच नावाखाली दोन वेगळ्याच वस्तू विकायलेत. एकात फक्त पॉइंटच्या जागी सेन्सर येतो, बाकी डायनमो तोच, 6 व्होल्टची बॅटरी तीच, वायरिंगही बाबा आदमच्या काळातलं. हे किट बॅटरीच्या जिवावर जगतं. तुम्ही लिहिलंय की त्यांची गाडी दिवसा नीट चालायची अन् रात्री हेडलाइट लावला की मिस मारायची, म्हणजे मला तरी हेच प्रकरण दिसायलंय. मी बसवलंय ते दुसऱ्या जातीचं. डायनमोचं आर्मेचर (फिरणारा भाग), फील्ड कॉइल, ब्रश, अन् पॉइंट सगळं बाहेर, त्या जागी मॅग्नेटचा फिरता रोटर अन् भोवती न हलणारा स्टेटर, आणि स्टेटरवरच ठिणगीसाठी वेगळी कॉइल. ठिणगी बॅटरीला विचारतच नाही. मी बॅटरी घरात टेबलावर ठेवून किक मारून बघितली, दुसऱ्या किकला चालू. उलट तुमचीच पद्धत बॅटरीवर चालते काका, पॉइंट कितीही घासा, बॅटरी पार बसली की मागून ढकलायला माणसं शोधा. अन् परदेशी माल म्हणून नाव ठेवलंत तर जावाच मुळात चेकची आहे, हे किटसुद्धा तिकडच्याच व्हेप कंपनीचं.

आता बसवलं कशासाठी. गेल्या साली उसाच्या सीझनला जिंतूर रोडनं रात्री यायलो होतो, झरीच्या पुढं पुढ्यात उसाची ट्रॉली. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबलेला. मला ट्रॉली दिसली नाही, आधी उसाचा वास आला, मग मी ब्रेक दाबला. पुढचा टायर आणि उसाची कांडी यात हातभर अंतर राहिलं असेल. रस्त्याच्या कडेला उभं राहून हेडलाइटकडं बघितलं तर आत नुसती पिवळी चिमणी.

हिशोब करा तुम्हीच. डायनमो 45 वॅटचा. त्यातले 35 एकट्या हेडलाइटचे, 5 मागच्या दिव्याचे, वरून इग्निशन कॉइल, तीही पॉइंट टेकलेले असताना तीनेक अँपियर ओढती. पगार तेवढाच अन् खाणारी तोंडं वाढलेली, मग बॅटरीतून उधारी. त्यात 6 व्होल्टला 35 वॅटचा बल्ब म्हणजे जवळपास 6 अँपियर, ते सगळे जुन्या स्विचमधून अन् हिरव्या पडलेल्या तारेतून जाणार. वाटेत अर्धा व्होल्ट गळाला तरी बल्बचा पाव उजेड गेला समजा, कारण व्होल्टेज थोडं पडलं तरी उजेड लई पडतो. हे किट 12 व्होल्टचं, अन् 12 व्होल्टला तेवढ्याच वॅटचा बल्ब निम्म्या अँपियरवर चालतो, त्याच तारेत गळती पाव व्होल्ट, अन् 12 मधला पाव कुणाला कळत पण नाही. हॉर्न, फ्लॅशर, सगळे बल्ब बदलावे लागले, हा खर्च खरा आहे, अन् तो मी आधीच्या पोस्टमध्ये लिहायला पाहिजे होता.

पॉलिश पेपर तर माझ्याही पाकिटात असायचा, वडिलांकडून आलेली सवय. पण पॉइंट वरचेवर जळायले की दोष बहुतेक वेळा कंडेन्सरचा, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी दाबणाऱ्या डबीचा असतो, अन् मैसूरची फॅक्टरी 1996 ला बंद झाली, तेव्हा आता दुकानात मिळतो तो कंडेन्सर कुठं बनला देव जाणे. मी एका वर्षात तीन बदलले. त्यात पॉइंटचा फायबरचा पाय झिजतो, गॅप कमी होत जातो, टायमिंग मागं सरकतं म्हणजे ठिणगी उशिरा पडते, गाडी तापते, अन् आपण कार्बोरेटरला शिव्या घालत बसतो.

फाट्याचं तुमचं बरोबर निघालं, हे मोकळेपणानं कबूल करतो. किट बसवून महिना झाला नव्हता, वसमतकडून येताना झिरो फाट्याच्या अलीकडं गाडी एकदम गप. दुपारचे दोन, मे महिना, परभणीचं ऊन तुम्हाला काय सांगायचं. प्लग काढून बघितला, ठिणगीच नाही. मग डोक्यात आलं, या किटमध्ये चावीचं काम उलटं असतं. जुन्या गाडीत चावी करंट सोडती, इथं बंद करायची तार चॅसीला टेकली की इंजिन बंद. ती तार मीच हँडलजवळून आवळून नेली होती, वळवून वळवून तिचं कातडं सोललं अन् ती आपोआप टेकली. तार सॉकेटमधून उपसली, गाडी चालू. फक्त मग चावीनं बंद होईना, घरी येऊन चौथ्या गिअरला ब्रेक दाबून बंद पाडावी लागली, बायको दारात उभी राहून हसायली.

दुसरी चूक रेग्युलेटर टूलबॉक्सात लपवायची. तो जास्तीची वीज गरम होऊन घालवतो, त्याला वारा लागतो. मी ओरिजिनल दिसावं म्हणून आत कोंबला, बोट टेकलं तर फोड आला. आता सीटखाली उघड्यावर आहे, चॅसीचा रंग खरवडून पक्की अर्थिंग दिली.

राहिला हक्क. गाडीला एक भोक पाडलं नाही, एक तुकडा कापला नाही. आर्मेचरच्या भोकात लांब बोल्ट फिरवला, खट् आवाज आला, शाफ्टच्या निमुळत्या टोकावरून सुटलं. सगळं ऑइलच्या फडक्यात गुंडाळून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलंय, झाकणावर वडिलांच्या अक्षरात 'जावा' लिहिलेलंच होतं. पोराला उद्या मैसूरसारखी पाहिजे असली तर एक दुपार लागेल.

म्हणून डायनमो विकायचा नाही काका. पण पॉइंटचा एक नवा सेट पडून आहे, जुन्या स्टॉकचा, पाकीट न फोडलेला. सेलूला आलो की घेऊन येतो, पैशाचं बोलू नका. बदल्यात तुमच्या गाडीवर मला रात्री एक चक्कर मारू द्या, हेडलाइट लावून.