तत्त्वज्ञान शिकून विश्वास जात नाही

"पाळक व्हायचंय ना, मग पवित्र शास्त्र शिक. तत्त्वज्ञान कशाला? पोरं बिघडतात त्यानं." आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून हे वाक्य सारखं कानावर येतं, आणि म्हणणारी माणसं काळजीपोटीच म्हणतात. चार-पाच वर्षं सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, काढण्यापेक्षा काही महिन्यांचा ऑनलाइन बायबल कोर्स बरा, असं आता आईवडिलांनाही वाटू लागलंय. मी सेरामपूर सिनेट या ईशज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या संस्थेशी संलग्न असलेल्या एका छोट्या कॉलेजात बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) केलं आहे. म्हणून हे लिहायलाच हवं.

बी.डी.मध्ये बायबल, ईशज्ञान (देवाविषयीचा तात्त्विक विचार), मंडळीचा इतिहास आणि सेवाकार्य यांच्या जोडीनं 'धर्म' ही स्वतंत्र शाखा असते. हिंदू, बौद्ध, इस्लाम हे सगळं शिकावं लागतं. आमच्या सरांचा एक नियम होता. शंकराचार्यांवर टीका करायची असेल, तर आधी त्यांचं म्हणणं असं मांडायचं की एखाद्या वेदान्त्यानं ऐकून म्हणावं, "हो, हेच आम्हाला म्हणायचंय." तेवढं जमलं की मग आपला मुद्दा. वर्ग इतका लहान की कुणाच्या मागं लपायची सोय नव्हती, प्रत्येकाला बोलावंच लागायचं. मोठ्या कॉलेजात हे मला मिळालं नसतं.

आपल्याकडच्या शास्त्रकारांची रीतही हीच आहे, आधी पूर्वपक्ष आणि मग सिद्धान्त. तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस हेच करतो. देव आहे का, या प्रश्नाला हात घालताना तो सुरुवात करतो देव नाही म्हणणाऱ्यांच्या बाजूनं! जगात दुष्टता आहे, आणि देवाला मध्ये न आणताही जगाचा उलगडा होऊ शकतो, हे दोन आक्षेप तो स्वतःच मांडतो आणि मगच उत्तराकडे वळतो. आक्षेप झाकून ठेवावेत असं त्याला वाटलं नाही. मग आपणच का घाबरायचं?

किल्लारीच्या भूकंपाचा विषय वर्गात निघायचाच. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे झोपेतच गाडल्या गेलेल्या लेकरांचं काय पाप होतं? पूर्वकर्म म्हणून विषय मिटत नाही आणि 'देवाची इच्छा' म्हणूनही मिटत नाही. बायबलात निर्दोष असूनही दुःख भोगणाऱ्या ईयोबाचे मित्र देवाची बाजू घेऊन त्याच्याशी भांडतात, पण शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी खरं बोलला, तुम्ही नाही, असं तो सांगतो. दुःखात देवालाच प्रश्न विचारणाऱ्याला खुद्द शास्त्रानं दिलेली ही पावती आहे. उद्या ज्या पाळकाला मातीला जाऊन एखाद्या आईसमोर उभं राहायचंय, त्यानं या प्रश्नाशी आधी झुंजलेलं असावं की पाठ केलेली चार वचनं म्हणून निघून यावं?

परक्या धर्माचा अभ्यास ही हल्लीची टूम आहे असं कुणी म्हणालं तर मला वाईट वाटतं. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ साली सेरामपूर कॉलेज काढलं ते पौर्वात्य वाङ्मय आणि पाश्चात्त्य विज्ञान शिकवायला, ख्रिस्ती आणि इतर, दोन्ही मुलांना. मराठीचं व्याकरण (१८०५) छापणारा कॅरी तो हाच. त्याच्याही आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्सचं ओवीतलं 'क्रिस्तपुराण' गोव्यात छापलं गेलं. आणि कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तर म्हणत, तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्तापर्यंत आलो. तुकोबा न वाचणारा मराठी पाळक म्हणजे आपल्याच घरात पाहुणा.

ईशज्ञानाचे अभ्यासक अरविंद निर्मल यांचं नाव तर मंडळीत कुणाला माहीतही नसतं. १९८१ साली बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी जे व्याख्यान दिलं, त्यातून दलित ईशज्ञानाची वाट निघाली. "माझा पूर्वज भटका अरामी होता" ही बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकातली कबुली त्यांनी दलितांच्या डोळ्यांनी वाचली. आपल्यातल्या बहुतेकांचे आजे-पणजे गावकुसाबाहेरचे होते. हे वाचन काही महिन्यांच्या कोर्समध्ये कुठून येणार?

माझी खरी तक्रार वेगळी आहे. हे सगळं शिकवलं जातं ते मुख्यतः इंग्रजीतून. जालन्याच्या, नगरच्या खेड्यातून आलेला हुशार मुलगा पहिलं वर्ष नुसता भाषेशी झगडत घालवतो, आणि परत आल्यावर जे शिकला ते आपल्या मंडळीला आपल्या बोलीत सांगता येत नाही म्हणून गप्प बसतो. मग लोक म्हणतात, बघा, तत्त्वज्ञानानं बिघडला. तो बिघडलेला नसतो, त्याच्या हातात मराठी पुस्तकं नसतात.

तेव्हा मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. मुलांना पाठवा, पूर्ण कोर्सला पाठवा. हंगामाच्या भेटीतून, म्हणजे सुगीच्या दानातून, दर वर्षी थोडी रक्कम धर्म आणि तत्त्वज्ञानाच्या मराठी पुस्तकांसाठी बाजूला काढा. आणि मुलगा सुट्टीत घरी आला की त्याला नुसती प्रार्थना करायला सांगू नका. काय शिकलास ते विचारा, आणि त्याचं उत्तर पुरतं ऐकून घ्या, पटलं नाही तरी.