‘पीएलसीचा पासवर्ड काढता आला नाही’ या अभिप्रायास आमचे उत्तर

आदरणीय साहेब, सप्रेम नमस्कार.

आपल्या जिनिंगमधील गाठी बांधणाऱ्या प्रेसच्या पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकाचा) पासवर्ड आम्ही काढून दिला नाही, तरीही वाळूजहून येऊन बिल लावले, आणि हेच काम बाजारात कोणीही सॉफ्टवेअर लावून तासाभरात करून देतो, असे आपण एक तारा देऊन लिहिले आहे. ऐन हंगामात कापसाच्या गाड्या दारात उभ्या असताना आपला वैताग समजण्यासारखा आहे. मात्र आपल्या अभिप्रायात काही गोष्टी राहून गेल्या आहेत.

आपल्या पॅनेलमध्ये सीमेन्स कंपनीचा एस७-१२०० हा पीएलसी आहे. त्यातील पासवर्ड घालवणे मुळीच अवघड नाही: रिकामे ट्रान्स्फर कार्ड (प्रोग्राम ने-आण करण्याचे मेमरी कार्ड) सीपीयूमध्ये, म्हणजे पीएलसीच्या मुख्य भागात, घालून सप्लाय बंद-चालू केला की आतली मेमरी पुसली जाते, आणि ही पद्धत खुद्द कंपनीच्या मॅन्युअलमध्येच दिलेली आहे. परंतु पासवर्डबरोबर प्रोग्रामही जातो. मूळ फाइल आपल्याकडे आहे असे फोनवर सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात कपाटातून निघालेल्या पेन ड्राइव्हमध्ये वायरिंगचे ड्रॉइंग आणि एचएमआयच्या (मशीनवरील नियंत्रण-पडद्याच्या) स्क्रीनचे फोटो एवढेच होते. अशा स्थितीत कार्ड घातले असते, तर प्रेस त्याच दिवशी बंद पडली असती.

राहिला प्रश्न ‘अनलॉक’ सॉफ्टवेअरचा. औद्योगिक सायबर सुरक्षेत काम करणाऱ्या ड्रॅगोस या कंपनीने २०२२ मध्ये असेच एक साधन तपासले, तेव्हा ते ऑटोमेशनडायरेक्टच्या एका पीएलसीचा पासवर्ड खरोखरच काढून देत होते, पण सोबत संगणकात सॅलिटी नावाचा मालवेअरही (घातक सॉफ्टवेअर) सोडत होते. आमचा लॅपटॉप आज आपल्याकडे, तर उद्या जालन्यातील एखाद्या रोलिंग मिलच्या पॅनेलला जोडला जातो. तेव्हा ग्राहक कितीही जवळचा असला, तरी हे आम्ही करत नाही.

आम्ही आलो तेव्हा प्रेस चालू होती, हेही नमूद करणे भाग आहे. पासवर्ड हरवल्याने मशीन थांबत नाही. स्क्रीनवरून टायमर बदलता येत होता, फक्त प्रोग्राम वाचता येत नव्हता. दरवाजाचा लिमिट स्विच (दरवाजा बंद आहे की नाही हे पाहणारा स्विच) मशीनची सायकल वारंवार अडवतो, म्हणून दरवाजा बंद असण्याची अटच प्रोग्राममधून काढावी, अशी आपली मागणी होती. तपासले असता स्विचच्या रोलरमध्ये रुईचे तंतू अडकलेले आणि ब्रॅकेटचा बोल्ट सैल आढळला. तो साफ करून घट्ट केल्यावर सायकल न अडखळता पूर्ण होऊ लागली. बिल या कामाचे आणि येण्याजाण्याचे आहे. पासवर्डचा एक रुपयाही त्यात नाही. प्रोग्राम उघडा असता तरी ती अट आम्ही काढली नसती, कारण गाठीला पट्ट्या बांधणारा कामगार त्याच दरवाजापाशी उभा असतो.

मशीन बनवणारे फोन उचलत नाहीत, म्हणून खरेदीचे बिल व मशीनचा अनुक्रमांक जोडून प्रोजेक्ट फाइल आणि पासवर्ड मागणारे पत्र आम्ही आपल्याला तयार करून दिले आहे. ते कृपया स्पीड पोस्टाने पाठवावे. उत्तर न आल्यास हंगाम संपल्यावर एकेक वायर तपासून नवा प्रोग्राम लिहिता येईल, आणि तो पासवर्ड व बॅकअपसह आपल्या ताब्यात देऊ. तोपर्यंत सीपीयूच्या खाचेत कोणालाही कार्ड घालू देऊ नये, ही विनंती.