खर्रर्र की कर्रर्र?

जुन्या गाडीचा गिअर खरखरायला लागला की निदान आधी गल्ली करते. मिस्त्रीचा नंबर फार उशिरा लागतो. आमची गाडी पंधरा वर्षं ओलांडून, पर्यावरण कर भरून, फेरनोंदणी झालेली. म्हणजे कागदोपत्री पुढची पाच वर्षं ठणठणीत. तिनं थंडीतल्या एका सकाळी पहिल्यातून दुसऱ्यात जाताना असा काही आवाज काढला की कोपऱ्यावरच्या दूधवाल्यानं किटलीचं झाकण लावायचं सोडून माझ्याकडं बघितलं.

संध्याकाळपर्यंत मतं गोळा झाली होती. समोरचे काका म्हणाले, "क्लच प्लेट गेली." काकांनी जन्मात स्कूटरशिवाय काही चालवलेलं नाही, पण प्लेट गेली हे त्यांनी अशा काही सुरात सांगितलं की मी चप्पल काढून उभा राहिलो. मेहुणा फोनवरच म्हणाला, "दाजी, गिअरबॉक्स बसला. विकून टाका." त्याचं हे कायमचं औषध आहे. एसी गार करत नव्हता तेव्हाही विकून टाका, आणि काच खाली होत नव्हती तेव्हाही विकून टाका.

आबांचं म्हणणं वेगळं. त्यांनी हयातभर पद्मिनी चालवली. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पुढं सलग सीट, आणि पहिल्या गिअरला सिंक्रोमेशच, म्हणजे दाते अडकण्याआधी वेग जुळवून घेणारी सोयच, नाही. गाडी पुरती थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, टाकायचाच तर डबल क्लच, म्हणजे एका गिअरसाठी दोनदा क्लच, मारायचा. त्यामुळं त्यांच्या लेखी गिअरचा आवाज हा गाडीचा दोष नसून संस्कारांचा दोष आहे. "गिअर टाकायचा असतो, कोंबायचा नसतो," एवढं बोलून त्यांनी पेपर वर धरला.

बायको म्हणाली, "माझ्या हातात येत नाही हो आवाज." हे मी अर्थातच मनावर घेतलं नाही. नवऱ्याच्या हातात जे काही बिघडतं ते बायकोच्या हातात कधीच बिघडत नाही, ही तक्रार मिक्सरपासून चालत आलेली आहे.

मग मी आवाज मोबाइलवर टिपायचं ठरवलं. वाघबीळवरून पन्हाळ्याकडं चढ लागतो, तिथं दुसऱ्या गिअरची हटकून गरज पडते. फोन खिशात चालू ठेवून गेलो. घरी येऊन ऐकलं तर गिअरचा आवाज कुठंच नाही. फक्त माझे सुस्कारे आणि मागच्या ट्रकवाल्याचं माझ्याविषयीचं मत.

शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्रीकडं गेलो. तिथं लेथचा आवाज, वेल्डिंगचा आवाज, पलीकडं कुणीतरी पत्रा ठोकतोय, आणि मिस्त्री मला विचारतात, "आवाज कसा येतोय?"

"खर्रर्र."

"खर्रर्र का कर्रर्र?"

मी डोळे मिटून आठवलं. एकदा खर्रर्र करून बघितलं, एकदा कर्रर्र. पाना धुणारं पोरगं हात थांबवून ऐकायला लागलं. "मधलं काहीतरी," मी म्हणालो. मिस्त्रींनी मान हलवली. डॉक्टरसमोर ताप उतरतो तशी गाडी त्यांच्यासमोर गुपचूप उभी होती.

पण ह्या माणसाचं मला एक आवडतं. तो आधी पाना उचलत नाही, आधी प्रश्न विचारतो. सगळ्या गिअरला येतोय का एकाच? गाडी गार असताना जास्त, का तापल्यावर? न्यूट्रलला क्लचवरचा पाय काढल्यावर घरघर येते का? आली असती तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा संशय. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला असता तर रिलीज बेअरिंग. असं करत करत त्यांनी पाना न लावता निम्मा गिअरबॉक्स निर्दोष सोडून दिला. काकांच्या प्लेटीचा निकाल तेवढा राहिला होता.

"इंजिन बंद करून गिअर पडत्यात काय?"

"पडत्यात की." भाषा तिथं आपोआप बदलते.

"आता चालू करा. क्लच पूर्ण दाबा. दाबूनच ठेवा. थांबा जरा... हं, टाका रिव्हर्स."

खर्रर्रर्र! आख्ख्या उद्यमनगरानं ऐकला. मला इतका आनंद झाला की मी काच खाली करून ओरडलो, "हाच! हाच तो!"

"हा तो न्हवं," मिस्त्री शांतपणे म्हणाले. रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत सिंक्रो नसतो. क्लच दाबून दोन-चार सेकंद थांबलं की आतलं चाक फिरायचं थांबायला हवं, आणि रिव्हर्स बिनबोभाट पडायला हवा. तरीही खरखर येते म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. त्यांनी बॉनेट उघडून क्लच केबलचा नट थोडा आवळला, पेडल हातानं दाबून ढिलाई बघितली, पुन्हा थोडा फिरवला. रिव्हर्स गप्प झाला. म्हणजे प्लेट शाबूत, नुसती केबल ताणून लांबलेली. काकांना हे कसं सांगायचं ह्या विचारात मी पडलो.

दुसरा गिअर मात्र बोलतच होता. मिस्त्री स्वतः बसले, शाहू मिलच्या बाजूला चक्कर मारली. तिसऱ्यातून दुसऱ्यात घेताना खर्रर्र. मग त्यांनी डबल क्लच मारला: क्लच दाबून न्यूट्रल, पाय सोडून किंचित रेस, पुन्हा दाबून दुसरा. लोण्यासारखा गेला. "रिंग झिजल्या."

धावत्या एसटीत चढणारा माणूस आधी चार पावलं एसटीबरोबर पळतो आणि मग दांडा धरतो. ती चार पावलं म्हणजे सिंक्रोनायझरची पितळी रिंग. ती गिअरच्या निमुळत्या भागावर घासून दोघांचा वेग एक करते आणि मगच दाते दात्यांत जातात. शहरात दुसरा गिअर दिवसभर राबतो, त्यामुळं पहिली त्याचीच रिंग थकते.

"वहिनी चालवतात तेव्हा आवाज येतो?" मिस्त्रींनी विचारलं. मी नाइलाजानं नाही म्हणालो. "त्या न्यूट्रलला क्षणभर थांबत असणार. झिजलेल्या रिंगला तेवढा वेळ मिळाला की ती काम करती." हे वाक्य घरी न्यायचं नाही असं मी तिथंच ठरवलं.

खात्रीसाठी त्यांनी गिअर ऑइल काढलं. ड्रेन प्लगच्या चुंबकाला काळी पेस्ट चिकटलेली. ती लोखंडाची, थोडी असायचीच. मग ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळून त्यांनी उन्हात धरला. काळपट तेलात बारीक सोनेरी चमक. "हे पितळ." निदान झालं. मॅन्युअलमध्ये जीएल-४ प्रतीचं तेल लिहिलंय तर तेच घाला, ५ मोठा आकडा म्हणून जीएल-५ घालू नका, हेही बजावलं. ते डिफरन्शियलचं, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचं, तेल; त्यातली गंधकाची रसायनं काही वेळा पितळाला मानवत नाहीत, आणि तेल फार निसरडं असलं तर रिंगला पकड मिळत नाही.

गिअरबॉक्स उतरला. नवी रिंग गिअरच्या निमुळत्या भागावर बसवली की रिंग आणि गिअरच्या दात्यांमध्ये फट राहते, तिथं फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, जातं. जुनी रिंग गिअरला जाऊन टेकलीच, गेज आत शिरेना. हजारो रुपयांची मजुरी त्या फटीची. रिंगेची किंमत बिलात शोधावी लागत होती.

जुनी रिंग मी मागून घेतली आणि घरी आबांपुढं ठेवली. झिजलेला आतला भाग दाखवला, एसटीचं उदाहरण दिलं, काकांचं निदान कसं चुकलं तेही रंगवून सांगितलं. आबांनी चष्मा वर करून रिंग हातात तोलली, उलटी केली, पुन्हा तोलली.

"पितळंय न्हवं?" ते म्हणाले. "आणखी दोन-चार मागून आणायच्या होत्यास. भंगारवाला किलोला बरा भाव देतोय."